हार्वेला न दिसलेली वाट : रक्ताभिसरणाचा शोध आणि गडचिरोली-चंद्रपूरचा सिकलसेल

गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत आम्ही रक्ताचे नमुने घेण्यासाठी गेलो होतो. डिसेंबरची सकाळ होती. आठवीच्या वर्गात फळ्यावर हृदयाची आकृती काढलेली होती. चार कप्पे, झडपा, तांबड्या खडूने रोहिणी, निळ्या खडूने नीला. आकृती सुबक होती आणि बाणही अचूक होते. त्याच वर्गात मुले रांगेने येऊन आमच्यापुढे बोट धरत होती. एक मुलगा मात्र थांबला आणि म्हणाला, "सर, मागच्या वर्षी पण आमचं रक्त नेलं होतं. त्याचं काय निघालं?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आदल्या वर्षी आलेले पथक आमचे नव्हते, हे खरे. पण आमच्या जुन्या वह्या चाळल्या असत्या तर हाच प्रश्न विचारण्याचा हक्क असलेली मुले आमच्याही खात्यावर निघाली असती. नमुने शीतपेटीतून शहरात गेले, त्यांचे आकडे तक्त्यात बसले, तक्ता निबंधात छापला गेला. ज्याचे रक्त होते त्याच्या गावी त्याची वार्ता परत गेली नाही.

फळ्यावरच्या आकृतीकडे आम्ही पुन्हा पाहिले. तांबडा खडू जिथे संपतो आणि निळा सुरू होतो, तिथे गुरुजींनी बारीक जाळी काढून ती तशीच सोडली होती. पाठ्यपुस्तकांतही बहुधा असेच असते. हृदयाला चार पाने आणि केशवाहिन्यांना चार ओळी. विज्ञानाच्या इतिहासातही ही जाळीच सर्वांत शेवटी सापडली. आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या कितीतरी मुलांचे दुखणे नेमके त्या जाळीत आहे. म्हणून रक्ताभिसरणाची गोष्ट या भागात सांगायची, तर ती हृदयापाशी थांबवून चालत नाही.

जाणारे, पण न परतणारे रक्त

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याचे म्हणणे असे, की अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांमधून अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते. शेतात सोडलेले पाणी जसे जमिनीत मुरते, तसे. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांमधून उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो सांगे. ही कल्पना सुमारे चौदाशे वर्षे टिकली.

तिला पहिला धक्का इब्न अल्-नफीस याने दिला. दमास्कसमध्ये शिकून कैरोत नावारूपाला आलेल्या या वैद्याने १२४२ साली लिहिले, की हृदयाचा मधला पडदा जाड आहे, त्यात छिद्रे नाहीत. उजव्या कप्प्यातील रक्ताला डावीकडे यायचे तर फुप्फुसांतून फिरूनच यावे लागेल. त्याच्या या ग्रंथाचे हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात पुन्हा लक्षात येईपर्यंत हे श्रेय त्याला मिळाले नव्हते. युरोपात सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी हेच मांडले. पुढे इटलीतील पदुआ येथे फाब्रिसियस याने १६०३ साली नीलांमधील झडपांचे वर्णन छापले. मात्र त्या झडपा कशासाठी आहेत, हे त्याला उमगले नाही. ते उमगले त्याच्याच एका इंग्रज विद्यार्थ्याला. त्याचे नाव विल्यम हार्वे.

हार्वेचे गणित

हार्वेचे पुस्तक १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापले गेले. त्यातील सर्वांत प्रभावी युक्तिवाद सहावीच्या मुलालाही करता येईल असा गुणाकार आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरा. हा अंदाज हार्वेने मुद्दाम कमी ठेवला होता. अर्ध्या तासात हजार ठोके पडले, तर ५०० औंस, म्हणजे सुमारे १४ किलो रक्त बाहेर पडेल. एवढे रक्त अख्ख्या शरीरातही नसते, आणि अर्ध्या तासात एवढे नवे रक्त तयार होईल असे अन्न कोणी खात नाही. तेव्हा गेलेले रक्त परत येत असलेच पाहिजे.

आजचे आकडे घेऊन हे गणित वर्गात जरूर करावे. मुलांना मनगटावरची नाडी मिनिटभर मोजू द्यावी. प्रौढ माणसाचा एक ठोका सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर होतात, आणि शरीरातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचे सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करते. डाव्या निलयातून महारोहिणीत, तेथून अवयवांत, नीलांवाटे उजव्या अलिंदात, उजव्या निलयातून फुप्फुसांत आणि तेथून पुन्हा डाव्या अलिंदात. (जुन्या पुस्तकांतील कर्णिका आणि जवनिका म्हणजेच हे अलिंद आणि निलय.)

हार्वेने दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या नीलांवर बोट फिरवले आणि रक्त एकाच दिशेने, हृदयाकडेच सरकते, हे दाखवून दिले. फाब्रिसियसच्या झडपांचे कोडे असे सुटले. पण एक दुवा निसटलेलाच राहिला. रोहिणीतले रक्त नीलेत येते कसे? हार्वेजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. वाट असलीच पाहिजे, हे तो गणिताने सांगत होता. ती पाहण्याआधीच, १६५७ साली, तो वारला.

चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मार्चेल्लो मालपिघी याने बेडकाच्या फुप्फुसाचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला केसाहून बारीक नळ्यांचे जाळे दिसले आणि त्यातून रोहिणीतील रक्त नीलेकडे जाताना दिसले. अभिसरणाचे वर्तुळ पुरे झाले.

बांध्यांमधले पाणी

केशवाहिनीतील प्रवास कसा असतो, हे पूर्व विदर्भातील मुलांना समजावणे सोपे आहे. मामा तलावाच्या पाटाने पाणी जोरात धावते. तेच पाणी धानाच्या अनेक बांध्यांमध्ये पसरले की संथ होते. पाणी कमी झालेले नसते, त्याला पसरायला जागा वाढलेली असते. रक्ताचेही तसेच आहे. महारोहिणीत ते सेकंदाला सरासरी वीसेक सेंटिमीटर धावते, पण केशवाहिन्यांच्या अफाट जाळ्यात शिरल्यावर सेकंदाला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर सरकते. केशवाहिनीची लांबीही साधारण तेवढीच असते. म्हणजे तांबडी पेशी एका केशवाहिनीत सुमारे एक सेकंद असते. तेवढ्या वेळात ती ऑक्सिजन देते आणि बाहेर पडते.

तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, आणि बारीक केशवाहिन्या त्याहूनही अरुंद. पेशीला दुमडून, अंग चोरून जावे लागते. निरोगी पेशी मऊ असल्यामुळे हे सहज जमते. ती सुमारे १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळात अशा लाखभर फेऱ्या मारते. पेशीचा मऊपणा गेला तर काय होईल?

विळ्याच्या आकाराची पेशी

१९०४ च्या अखेरीस शिकागोतील एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. त्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही नोंद प्रसिद्ध केली. नोएल मायदेशी परतला, दंतवैद्य म्हणून काम करू लागला आणि १९१६ साली, ऐन तारुण्यात वारला.

हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ साली दाखवले, की या पेशी नेहमी वाकड्या नसतात. ऑक्सिजन काढून घेतला की त्या वाकतात, परत दिला की बऱ्याचशा सरळ होतात. १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्क्षेत्रात हिमोग्लोबिनचे रेणू धावायला लावले. रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने धावत होते. रोगाचे मूळ एका रेणूत असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. तो फरक किती लहान आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते.

हे व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर या व्हॅलिनला बसायला खोबण तयार होते. रेणूला रेणू अडकत जातो, लांब ताठ धागे बनतात, आणि पेशी विळ्यासारखी होते. मात्र धागे लगेच बनत नाहीत. विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की ऑक्सिजन गेल्यावर आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग धागे एकदम वाढतात. हा विलंब केशवाहिनीतल्या त्या एका सेकंदाहून मोठा असेल, तर पेशी वाकण्याआधीच नीलेत निसटते आणि फुप्फुसांत जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. विलंब कमी पडला तर ती वाटेतच ताठ होते आणि रस्ता बंद करते.

सिकलसेलचे सगळे दुखणे या शर्यतीत आहे. पेशीतील हिमोग्लोबिन थोडे जरी दाट झाले, तरी हा विलंब कित्येक पटींनी घटतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले पाणीही कमी होते आणि हिमोग्लोबिन दाट होते. थंडीने सूक्ष्म वाहिन्या आकुंचन पावतात, म्हणजे पेशीला जाळीत जास्त वेळ लागतो. तापातही हेच संकट ओढवते. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या मुलाचे हातपाय का ठणकतात, आणि डिसेंबरात थंड पाण्याने अंघोळ केल्यावर वसतिगृहातील मुलगी का कळवळते, याचे उत्तर या एका सेकंदात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ साली झाली. लेहमन आणि कटबुश यांना ती निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर डनलॉप आणि मजुमदार यांना आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये आढळली. विदर्भातील रुग्णांची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली केली. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी दीर्घकाळ सर्वेक्षणे केली. भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओतकर या समाजांत २० ते ३५ टक्के लोकांमध्ये हे जनुक असल्याचे त्यांच्या २००२ सालच्या निबंधात दिले आहे. हा आजार केवळ आदिवासींचा आहे, असे मात्र मुळीच नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो.

एवढे घातक जनुक टिकले कसे? आफ्रिकेत काम करताना अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली उत्तर दिले. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले तर ते मूल 'वाहक' होते. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट फाल्सिपेरम हिवतापाच्या जीवघेण्या स्वरूपापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. जंगल आणि हिवताप यांचे नाते गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको. हे जनुक म्हणजे कोणाचे पाप नव्हे, कोणाच्या घराण्याचा दोषही नव्हे. हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. वर्गात हे वाक्य आवर्जून सांगावे.

आता आमच्या आश्रमशाळेतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आरंभीच्या काळात त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला. हा आजार येथे मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्यातून दिसले. पण लोकांना त्याचे फारसे महत्त्व वाटले नाही. संशोधकाला जो प्रश्न मोठा वाटतो तो लोकांचाही असतोच असे नाही, हा धडा डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितला आहे. त्या काळी निदान झाल्यावर रुग्णाच्या हाती देण्यासारखे फार थोडे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आज तशी स्थिती नाही. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू टळतात, हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके सुमारे निम्म्याने घटतात, हे १९९५ साली दिसले. या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. ते धाग्यांत सामील होत नाही, त्यामुळे विलंब वाढतो आणि पेशी शर्यत जिंकते. चंद्रपूर येथे हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र आपल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेरची आहे.

वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे तपासणी समजावून सांगावी. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताच्या थेंबातील ऑक्सिजन रसायनाने काढून घेतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेघा दिसत नाहीत. केशवाहिनीत जे घडते तेच येथे परीक्षानळीत घडते. पण या चाचणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी लागते. गढूळ नळी पाहून मुलाला 'आजारी' ठरवू नये.

दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. दोन पिशव्यांत एक-एक साधा चिंचोका आणि एक-एक घासून पांढरा केलेला चिंचोका ठेवावा. प्रत्येक पिशवीतून डोळे मिटून एक काढावा, जोडी वहीत लिहावी आणि चिंचोके परत पिशवीत टाकावेत. शंभर वेळा केल्यावर सुमारे २५ वेळा दोन्ही पांढरे निघतात. दोन वाहकांच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता म्हणजे हीच. चिंचोके दर वेळी परत टाकले जातात, हे मुलांच्या मनावर ठसवावे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असा हिशेब नसतो. आणि वाहकाने हिमोग्लोबिनच्या जनुकात दोष नसलेल्या जोडीदाराशी लग्न केले तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे रुग्ण मुलाला ओळखणे. विळ्यासारख्या पेशी जेमतेम दहा-वीस दिवस जगतात, म्हणून रक्त कमी असते. कमी रक्ताची भरपाई करण्यासाठी हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलते आणि कालांतराने मोठे होते. असा मुलगा धावताना मागे पडला तर त्याचे हृदय आळशी नसते, ते बसल्या जागीही इतरांहून अधिक राबत असते. पेशी लवकर फुटल्यामुळे त्याचे डोळे पिवळे दिसतात, पण ही संसर्गाची कावीळ नव्हे. मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या बिघडल्याने त्याला लघवी दाट करता येत नाही. त्यामुळे त्याला वारंवार बाहेर जावे लागते, आणि वसतिगृहात कधी अंथरुणही ओले होते. त्याबद्दल त्याला शिक्षा करणे म्हणजे मूत्रपिंडाला शिक्षा करणे होय. त्याच्या बाकावर पाण्याची बाटली असावी, लघवीला जायला त्याला विचारावे लागू नये, थंडीत कोमट पाणी मिळावे. बाहेरून काही दिसत नसले तरी त्याची वेदना खरी मानावी. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

त्या शाळेत आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा गेलो, या वेळी अहवाल घेऊन. ते वर्गात वाचून दाखवले नाहीत. एकेका मुलाला पालकांसह वेगळे बसवले, कारण गावात बोभाटा झाला तर उद्या लग्नाच्या बोलणीत मुलीचे नुकसान होते. प्रश्न विचारणारा तो मुलगा वाहक निघाला. काळजीचे काही नाही, पण लग्नाच्या वेळी ही गोष्ट लक्षात ठेव, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "सर, माझ्या बहिणीचं पण तपासाल का? तिचे हातपाय लई दुखतात."

त्याची बहीण त्याच शाळेत चौथीत होती. पहिल्या खेपेला ती तापाने घरी गेलेली असल्यामुळे आमच्या यादीत तिचे नाव नव्हते. त्या दिवशी पहिला नमुना तिचा घेतला.